मी डिजिटल पद्धतीने शर्ट शिकवणार आहे

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण घडलंच तसं आहे.

वाचनालयाच्या बाई भाजीच्या दुकानात भेटल्या. म्हणाल्या, मास्टर, वरच्या हॉलमध्ये तीन महिन्यांचा शिवणाचा क्लास काढायचा विचार आहे, शिकवाल का? वीस तारखेला एक नमुन्याचा तास घ्या. आलेल्या लोकांना पटलं तर पक्कं करू.

विचार करून सांगतो म्हणालो. विचार भाजी पिशवीत पडायच्या आत झाला होता. पण लगेच हो म्हटलं की माणूस रिकामा आहे हे कळतं.

दुकान बंद करून वर्ष झालं. गुडघे. तेव्हापासून मला कोणी काही विचारत नाही. म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, हे विचारतात. पण मास्टर, या कापडाचं काय होईल हो, असं कोणी विचारत नाही. आता विचारतील.

घरी हिला सांगितलं. ही दुकानात दुसऱ्या मशीनवर माझ्याइतकीच वर्षं बसलेली, त्यामुळे तिला माझ्याबद्दल गैरसमज फार. म्हणाली, तुम्ही आणि शिकवणार? ठेवलेला एकेक कारागीर तुम्ही आठवड्यात रडवून पळवलात.

मी म्हटलं, तेव्हा साधनं नव्हती. आता टेक्नॉलॉजी आहे.

संकल्प: खडू-फळा अजिबात नाही. सगळं डिजिटल.

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी

शिक्षणावर चिंतन केलं. चहा गार होईपर्यंत.

जुना शिक्षक तोच धडा दरवर्षी बोलतो. घसा बसतो, चिडचिड होते, पोरं मार खातात. नवा शिक्षक एकदाच बोलतो, रेकॉर्ड करतो आणि मग बाजूला उभा राहून मंद हसतो. मला मंद हसणं जमतं. गिऱ्हाईक ठरल्या दिवशी कपडे न्यायला यायचं तेव्हा मी तसाच हसायचो.

दुपारी

नेटवर्ककडे गेलो. हा आमच्या गल्लीतला मोबाइल-दुरुस्तीवाला. त्याला सगळे नेटवर्क म्हणतात, कारण गरज असेल तेव्हा तो सापडत नाही. आज सापडला. मी विचारलं, वर्गात टेक्नॉलॉजी आणायची तर सुरुवात कुठून करू? तो म्हणाला, काका, आधी फोनची बॅटरी बदला.

व्यवहारी माणूस. दृष्टी नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

स्लाइड तयार केल्या. मुलीने फोनवरून शिकवलं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी बोलते. म्हणजे तिचं जेवण आणि माझं शिक्षण एकाच वेळी होतं.

पहिली स्लाइड: शर्ट. हा शब्द डावीकडून गिरक्या घेत येतो, मधोमध थांबतो, टाळ्या वाजतात. दुसरी स्लाइड: कॉलर. ही वरून पडते, काच फुटल्याच्या आवाजासह.

मुलगी म्हणाली, बाबा, ते आवाज काढा. मी म्हटलं, विद्यार्थी झोपला तर? ती म्हणाली, शिवण शिकायला आलेला माणूस हौसेने येतो, तो कशाला झोपेल? मी म्हटलं, तुला वर्गाचा अनुभव नाही. ती म्हणाली, आणि तुम्हाला? मी म्हटलं, मी भावी शिक्षक आहे.

तिचा घास अडकल्यासारखा आवाज आला. सुट्टी संपली म्हणाली.

६ सप्टेंबर, शनिवार

आधुनिक शिक्षक वर्ग भरायच्या आधीच विद्यार्थ्यांना जोडून ठेवतो. म्हणून फोनवर ग्रुप काढला. नाव: शर्ट परिवार. विद्यार्थी अजून ठरलेले नाहीत, म्हणून तूर्त जुनी गिऱ्हाइकं घातली. पहिला संदेश टाकला: ज्ञानाच्या प्रवासात आपलं स्वागत.

संध्याकाळपर्यंत निम्मे बाहेर पडले. उरले ते खरे जिज्ञासू.

७ सप्टेंबर, रविवार

पहिला जिज्ञासू सकाळीच दारात. हातात पँट. म्हणाला, मास्टर, दुकान परत सुरू केलंत हे फार बरं केलं, खालून दोन बोटं कमी करायची आहे.

त्याला समजावून सांगितलं की हे ज्ञानाचं काम आहे, पँटचं नाही. तो म्हणाला, बरं, मग मंगळवारी नेतो. पँट ठेवून गेला. हिने न बोलता करून टाकली. दुपारपर्यंत आणखी दोन जिज्ञासू आले, एकाची चेन बिघडलेली.

ग्रुप बंद केला. कल्पना काळाच्या पुढे होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

स्लाइडही सोडल्या. नुसत्या शब्दांनी कापड कापलं जात नाही. व्हिडिओच हवा. मी कापड घेतो, आखतो, कापतो, बोलतो. वीस तारखेला तोच पडद्यावर लावायचा. वाचनालयात प्रोजेक्टर आहे, बाईंना विचारून ठेवलं. त्या म्हणाल्या, आहे, पण अजून कोणी लावला नाही. मी म्हटलं, मी लावीन.

फोन धरायला स्टँड हवं. विकत कशाला घ्यायचं? जुने तीन हँगर वाकवून स्वतः केलं. दिसायला उत्तम. फक्त फोन ठेवला की तो हळूहळू मान टाकतो, शिक्षणाला कंटाळल्यासारखा. पहिल्या व्हिडिओत माझी सुरुवात आहे, मग माझं पोट, मग पुढे सगळी फरशी.

ही म्हणाली, द्या इकडे, मी धरते.

हेही टीमवर्कच.

११ सप्टेंबर, गुरुवार

चित्रीकरण केलं. विषय: शर्टचा पुढचा भाग. मी इस्त्रीच्या टेबलाशी, ही समोर फोन घेऊन. मी सुरुवात केली, विद्यार्थी मित्रहो, वस्त्र ही मानवाची दुसरी त्वचा आहे. ही म्हणाली, अहो, कापडाची घडी आधी तुमच्याकडे करा.

मी घडी केली. पुन्हा म्हणालो, वस्त्र ही मानवाची. ही म्हणाली, आणि बटणपट्टीला जास्त सोडा, मागच्या वेळी विसरलात.

तिला सांगितलं की कॅमेरा धरणाऱ्याने बोलायचं नसतं. ती म्हणाली, मी कुठे बोलते आहे, मी तर फक्त सांगते आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

उरलेलं चित्रीकरण. आधी अट घातली: एक शब्द नाही. ही म्हणाली, ठीक आहे, पण कापड वाया गेलं तर माझ्याकडे बघायचं नाही.

जरा वेळ खरंच गप्प बसली. पण तिचं गप्प बसणं ऐकू येतं. मी खडू उचलला की नाकातून श्वास, खडू ठेवला की दुसरा श्वास. मग मी कात्री लावणार, तोच ती म्हणाली, अहो थांबा, दोन्ही डावे कापाल.

तर पाहिलं. शर्टला पुढून दोन भाग लागतात, एक उजवा, एक डावा. मी कापड ज्या पद्धतीने पसरलं होतं, त्यातून दोन्ही डावेच निघाले असते. मी म्हटलं, विद्यार्थ्यांना चूक दाखवायची म्हणून मुद्दाम केलं. ती म्हणाली, मग कापा ना. मी नाही कापलं. कापड चांगलं होतं.

त्यानंतर मात्र तिने आवरतं घेतलं नाही. पण चित्रीकरण पूर्ण झालं, आणि मी फार तल्लीन होऊन बोललो आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन्ही दिवसांचं चित्रीकरण जोडून एक व्हिडिओ केला आणि ऐकला. माझ्या प्रत्येक वाक्याला हिचं शेपूट. मी म्हणतो, कापड म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. लगेच ही, खडू टोकदार करा, जाड रेघ आली की माप गेलंच. मी म्हणतो, माझ्या तरुणपणी. लगेच ही, मुंढा खोल घेऊ नका.

अशाने वर्गात शिस्त राहील का? वर्गात एकच आवाज हवा. शिक्षकाचा.

पुन्हा चित्रीकरण करू म्हटलं तर ही म्हणाली, कापड संपलं आणि माझा हातही भरून आलाय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नेटवर्ककडे तीन फेऱ्या. तिसरीत सापडला. प्रश्न ऐकून म्हणाला, सोपं आहे काका, एक अ‍ॅप आहे, बटण दाबायचं, खरा बोलणारा राहतो, मागची बडबड गायब. कोण खरा आणि कोण मागचा हे अ‍ॅपला कसं कळतं, विचारलं. तो म्हणाला, त्याला कळतं, फार हुशार असतं ते.

टाकून घेतलं. बटण दाबलं. एक वर्तुळ फिरत राहिलं, मग बरोबरची खूण आली. फोन म्हणाला, जागा संपली. मी मूळचा व्हिडिओ उडवून टाकला. मागे दोर ठेवले की माणूस पुढे जात नाही.

यंत्राला माणूस ओळखता येतो. टेक्नॉलॉजीबद्दलचा माझा आदर दुणावला आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, व्हिडिओ एकदा नीट ऐकून घ्या. मी म्हटलं, दोनदा पाहिला. खरंच पाहिला. फक्त आवाज बंद करून, कारण ही घरातच असते आणि आपला आवाज काढून टाकला हे तिला कळलं तर वीस तारखेपर्यंत मला चहा मिळणार नाही. आवाज बंद असूनही मी किती प्रभावी दिसतो. हातवारे उत्तम. एका ठिकाणी मी खडू कपाळाला लावतो, तेवढं सोडलं तर काही खोट नाही.

हिने आज विचारलं, माझा आवाज येतो का हो त्यात? मी म्हटलं, आहे थोडाफार. ती म्हणाली, मग थोडं नीट बोलले असते.

जरा वाईट वाटलं. पण शिक्षकाला कठोर व्हावं लागतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मंद हसण्याचा सराव. कपाटाच्या आरशासमोर. ही म्हणाली, दात दुखतोय का?

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळी

आज तो दिवस. पांढरा शर्ट, स्वतः शिवलेला. हीसुद्धा येते म्हणाली, चार्जर आणि माझा चष्मा सांभाळायला. येऊ दे. शेवटच्या रांगेत बसायला सांगितलं आहे.

रात्री

सविस्तर लिहायला हवं. इतिहास आहे.

तास अंधार पडल्यावर ठेवलेला, तरी लोक चांगले जमले होते. दोन नर्स, एक बसड्रायव्हर, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजच्या काही मुली, आणि कोपऱ्यात वाचनालयाच्या बाई. प्रोजेक्टर नेटवर्कने लावून दिला. मी नमस्कार केला, दिवे घालवले, बाजूला उभा राहिलो, हसलो.

पडद्यावर मी. भव्य. मी तोंड उघडलं, हात पसरला, आणि आवाज आला: अहो, कापडाची घडी आधी तुमच्याकडे करा.

मला वाटलं, सुरुवातीचं थोडं राहून गेलं असेल. पुढे पडद्यावर मी कळकळीने बोलतो आहे, भुवया उंचावतो आहे, छातीवर हात ठेवतो आहे, आणि माझा आवाजच नाही. नुसती ही. बटणपट्टीला जास्त सोडा. खडू टोकदार करा. कापड ओढू नका, ते काय पळून चाललंय?

लोक हसले. मी व्हिडिओ थांबवायला गेलो तर बटण सापडेना. मुली वहीत लिहायला लागल्या होत्या. पडद्यावर ही म्हणाली, मुंढा खोल घेऊ नका. बसड्रायव्हरने हात वर केला. म्हणाला, सर, मुंढा म्हणजे काय, आणि खोल का नाही घ्यायचा?

सर म्हणाला. मी उत्तर द्यायला श्वास घेतला. तेवढ्यात पडद्यावरूनच आलं: बाहीचा गोल जिथे बसतो तिथे फार खाली गेलात ना, की हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो, पोट उघडं पडतं. ड्रायव्हर म्हणाला, हां, स्टिअरिंग फिरवताना माझं तेच होतं. पुढे दोन्ही डाव्यांचा प्रसंग आला तेव्हा पोस्टमन हसून हसून खोकायला लागले.

व्हिडिओ संपला. टाळ्या वाजल्या, अस्सल, स्लाइडमधल्या नव्हेत. बाईंनी विचारलं, हा आवाज कुणाचा? शेवटच्या रांगेतून ही म्हणाली, माझा, आणि मला सांगितलं होतं की थोडाफारच आहे. मग ती पुढे आली, चष्मा माझ्या हातात दिला आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला लागली. मी दिवे लावले.

नेटवर्कला गाठलं. तो म्हणाला, काका, फोन कोणाच्या हातात होता? काकूंच्या. म्हणजे तोंड कोणाचं जवळ? त्यांचं. अ‍ॅपने जवळचा तो खरा धरला, लांबची बडबड काढून टाकली. बरोबर काम केलंय त्याने.

२१ सप्टेंबर, रविवार

चहा मिळाला नाही.

शांतपणे विचार केला. तास यशस्वी झाला हे कोणी नाकारू शकत नाही. लोक हसले, लिहून घेतलं, प्रश्न विचारले. शिक्षक न बोलता विद्यार्थी शिकले, हीच तर शिक्षणातली शेवटची पायरी आहे. आणि ते अ‍ॅप कोणी आणलं? मी.

दुपारी हिला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, आवाज काढला त्याचं काही नाही, विचारून काढायचा. मग चहा दिला. साखर कमी होती, पण दिला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयाच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, मास्टर, अभिनंदन, क्लास पक्का. एक तारखेपासून. सगळ्यांनी नावं दिली.

डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू, ही रोजनिशी कोण वाचणार आहे. मुलीला कळवायचं, नेटवर्कला कळवायचं, पँटवाल्यालाही कळवायचं, अशी मनात यादी केली. तेव्हा लक्षात आलं की बाईंचा फोन मी अजून ठेवलाच नाही. त्या पलीकडून म्हणत होत्या, मास्टर, फोन जरा वहिनींना द्या ना, वेळ त्यांना विचारून ठरवायची आहे, शिकवायचं त्यांना आहे.

फोन हिला दिला. बाहेर येऊन कुंडीला पाणी घातलं. कुंडी भरून वाहायला लागली तरी घालत होतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

ही नाही म्हणते आहे. म्हणाली, क्लास तुमचा होता, मला कुठे हौस आहे? बाईंना सांगा, जमणार नाही.

मी म्हटलं, तू जा. फार मोठं मन करून म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर लगेच पुन्हा लहान झालं. तिने हातातल्या शर्टचं काज पूर्ण केलं. मग म्हणाली, गेले तरी मी बोलू काय तिथे? नुसतं उभं राहून मला एक वाक्य सुचत नाही. तुम्ही समोर चुका केल्या तरच मला सगळं आठवतं. तुम्ही येणार असाल तर जाते.

विचार करून सांगतो म्हणालो. पण या वेळी विचारही केला नाही, लगेच हो म्हणून टाकलं.

म्हणजे वर्गातली टेक्नॉलॉजी पूर्णपणे माझ्याकडे. विभागप्रमुखच म्हणायला हरकत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

विभागाची तयारी. वायरी गुंडाळल्या. लांब वायरची एक्स्टेंशन आणली. नवा व्हिडिओ: माप कसं घ्यावं. या वेळी फोन मी धरला आणि ही बोलली. एक शब्द बोललो नाही. नाकातूनसुद्धा नाही.

ऐकून पाहिला. आवाज चालू ठेवून. माझा श्वास सोडला तर उत्तम.

१ ऑक्टोबर, बुधवार

क्लासचा पहिला दिवस.

अर्धा तास आधी पोहोचलो. प्रोजेक्टर लावला, पडदा ताणला, फोन जोडला. मंद हसत उभा राहिलो. सकाळची वेळ, खिडक्यांना पडदे नाहीत, ऊन सरळ आत. पडद्यावर काहीच दिसेना. कोणीतरी म्हणालं, पांढऱ्यावर पांढरं दिसतंय. नर्सबाई म्हणाल्या, उकडतंय हो. ही म्हणाली, अहो, ते यंत्र काढा आणि त्या जागी टेबलफॅन लावा.

विभागाने टेबलफॅन लावला. सुरळीत चालला.

मग मापं. व्हिडिओ नाही, तर आता माप घेणार कोणाचं? हिने माझ्याकडे पाहिलं. मी मधोमध उभा राहिलो, हात पसरून. एकेकाने येऊन टेप लावली. छाती सगळ्यांची जुळली, खांदे जुळले, पोट मात्र प्रत्येकाचं वेगळं. ही म्हणाली, पाहिलंत, गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढतं, आणि जेवायला बसलं की बटण उडतं. म्हणून माप घेताना त्याला बोलतं करायचं. मग मला म्हणाली, तुम्ही बोला हो काहीतरी.

कशावर बोलू, विचारलं. ती म्हणाली, कशावरही, थांबू नका फक्त.

तेव्हा मी वर्गातील टेक्नॉलॉजी या विषयावर बोललो. जुना शिक्षक, नवा शिक्षक, स्लाइड, व्हिडिओ, यंत्राची पारख, सगळं आलं. वस्त्र ही मानवाची दुसरी त्वचा आहे, हेही शेवटी बोलून घेतलं. विद्यार्थी किती जवळ येऊन ऐकत होते. पोस्टमन तर गुडघ्यावर बसले. मधून मधून आकडे लिहून घेत होते. कोणी जांभई दिली नाही, कोणी उठून गेलं नाही. बोलून संपलं तेव्हा सगळ्यांचं पोटाचं माप एकच आलं होतं.

शुक्रवारी पँट. घरी येताना हिने विचारलं, परवा सलग तासभर बोलाल ना? म्हटलं, प्रश्नच नाही. विषय शोधतो आहे.